आईचा सा

स्पीकरमधून पुन्हा ‘हूंऽऽ’ सुरू झालं आणि आईने कपाळाला हात लावला. भजनस्पर्धेचं रेकॉर्डिंग पाठवायला एकच तास उरला होता.

“प्लगची तिसरी पिन मोडून टाक, हूं बंद!” दादा म्हणाला.

“म्हणजे शॉक लागून आईच हूं करेल! अर्थिंगची पिन आहे ती, दादोबा.”

“फिजिक्समध्ये बेचाळीस, आणि मॅडम शिकवतायत!”

बेचाळीस पन्नासपैकी होते, पण भांडायला वेळ नव्हता. मी टेबलाखाली शिरले. लॅपटॉपचा प्लग या भिंतीत, अ‍ॅम्प्लिफायरचा त्या भिंतीत आणि मधे दोघांना जोडणारी केबल. दोन ठिकाणची अर्थिंगं त्या केबलमधून एकमेकांशी भांडत होती, तेच आम्हाला ऐकू येत होतं. मी दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात खोचले.

शांत! इतकं शांत, की दादाने चक्क टाळी दिली. मी रेकॉर्डिंग सुरू केलं. आईने तोंड उघडलं... आणि मिटलं.

“अगं, माझा सा कुठे गेला?”

वर्षभर ती रोज त्या हूंवरच सूर लावत होती! तंबोऱ्याचं अ‍ॅप तर तिने कधीच काढून टाकलं होतं.

मी ऐटीत अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग पुन्हा भिंतीत लावला. ‘हूंऽऽ.’ आईने डोळे मिटून सा पकडला आणि हात वर केला.

“मिळाला गं! आता घालव त्याला.”