दोराचं टोक

"सोडा रे, वीतभर," बाबली तांडेल म्हणाला, आणि गाडीची बॉडी गुरुदासच्या नाकासमोर वीतभर खाली आली.

गुरुदास खाली उताणा पडला होता. चाकं काढलेला गाडीचा सांगाडा चार फणसाच्या ओंडक्यांवर, त्याच्या वर मांडवाच्या वाशाला दोरानं टांगलेली लाल विलायती बॉडी, आणि या सगळ्याच्या तळाशी हा शहाणा. बॉडीची भोकं सांगाड्याच्या भोकांवर नेमकी बसवायची तर खालून कुणीतरी बोटं घालून बघावं लागतं, आणि ते काम वाडीत दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं. दोर सुटला तर बोटं जातील, हे त्याला माहीत होतं. ओंडका कलला तर छातीही जाईल, हेही माहीत होतं. दोर कुणाच्या हातात असेल, याचा मात्र त्यानं विचारच केला नव्हता.

चूक त्याचीच. होडी ओढायची असली की घरटी एक माणूस बोलावतात आणि त्यात वैर बघत नाहीत. बॉडी काय, होडीइतकीच जड, म्हणून त्यानं बायकोला सांगितलं, घरटी एक माणूस सांगून ये. यशोदा भाबडी. एकही घर न गाळता सांगून आली. बाबलीच्या घरात आता एकच पुरुष उरला होता. तो आला. आणि होडीवर हुकूम चालवणारा तांडेल हजर असताना दोराचं टोक दुसरा कोण धरणार? ते त्याच्याकडे गेलं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गुरुदासला तेवढा घाम फुटला. पण नको म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी, एकसष्टच्या मे महिन्यात, याच गाडीत बाबलीचा मुलगा शिवा मेला होता. मुंबईच्या मालकानं मोडीत काढलेली ही दोन सीटची गाडी गुरुदासनं कशीबशी चालती केली आणि गावाला यायला काढली. शेजारी शिवा. कसालच्या पुढे गाडी झाडावर गेली. चालवत मी होतो, असं गुरुदासनं इस्पितळातल्या खाटेवरूनच फौजदाराला लिहून दिलं. सहा महिने तुरुंगात काढले. बाहेर आला तो लंगडत, आणि आल्या दिवसापासून गाडी खोलून बसला. जे मोडलं होतं त्यातलं एवढंच दुरुस्त होण्यासारखं होतं.

खरं वेगळंच होतं. घाट उतरल्यापासून शिवानं भुणभुण लावली होती, 'दादा, माका दी मरे जरा चालवूक.' कसालला गुरुदासनं त्याला आपली जागा दिली. पोराकडे लायसन नाही, हात बसलेला नाही. देणारा मूर्ख आपणच, मग चालवणारा कोण याला काय अर्थ? शिवाय शिवाच्या आईला, सीताकाकीला, शिव्याशाप द्यायला कुणीतरी हवं होतं. मेलेल्या पोराला ती कशी देणार? गाडी दोन सीटची, तिसरा साक्षीदार बसायला जागाच नव्हती. गुरुदासनं ते पोटात ठेवलं ते ठेवलं. यशोदेलासुद्धा सांगितलं नाही.

"थांबा," बाबली म्हणाला. त्यानं दोराचे तीन वेढे खांबाला घातले. "चाय थंड जाता. तुमी पिवन येवा. मी धरलंय."

दोरावरचे बाकीचे चौघं हात झटकत पडवीकडे गेले. गुरुदासही सरपटत बाहेर निघू लागला.

"तू खंय चल्लंस? रव थंयच."

गुरुदास राहिला. दोर करकरत होता. खालून त्याला बाबलीचे नुसते पाय दिसत होते, मिठाच्या पाण्यानं भेगाळलेले, जमिनीत घट्ट रोवलेले. यशोदेला हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून तिला सांगणार काय?

"माका एक सांग," बाबली म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. "त्या दिसा गाडी कोण चालवी होतो?"

त्यानं एक वेढा सोडला. बॉडी चार बोटं खाली आली. गंजाची पूड गुरुदासच्या डोळ्यांत पडली.

सांगून टाकावं. एक नाव घ्यायचं की सुटका. मेलेल्या माणसाचं काय बिघडतं? मग त्याला सीताकाकी आठवली. ती रोज विहिरीवर त्याला बघून थुंकायची आणि घरी जाऊन दोन घास जेवायची. खरं कळलं तर तिला तेही जायचे नाहीत.

"मी," तो म्हणाला. आवाज चिरकला. "मीच चालवी होतंय, काका."

दुसरा वेढा सुटल्याचा आवाज त्यानं ऐकला. बोटं मागे घेतली आणि डोळे मिटले.

बॉडी आली ती सावकाश, बोटबोटभर करत, आणि सांगाड्यावर अलगद बसली. गुरुदासनं डोळे उघडले तेव्हा बाबली त्याच्याशेजारी उकिडवा बसला होता. त्याचे डोळे लाल झाले होते.

"खोटा बोलतंस," तो हळूच म्हणाला. "शिवाक शेवटची आंघोळ मीच घातलंय रे. छातयेर ष्टेरिंगचो गोल वळ होतो."

त्यानं पडवीकडे एकदा बघून घेतलं.

"मरणाच्या भयानसुद्धा तुझ्या तोंडातसून भायर पडूक नाय. म्हणजे आता सीताक कधी कळाचा नाय."