ट्रॉम्बोन विकणे आहे

"वाजवून बघा हं नीट," दार लावता लावता काकू म्हणाल्या. "नुसता बघून न्याल आणि मागून म्हणाल, म्हातारीनं गळ्यात मारला."

आलेला माणूस हसला. चाळिशी उलटलेला, लांब मानेचा, नखांत काळं तेल बसलेला. त्याने खिशातून आपला माउथपीस काढून रुमालाने पुसला. ट्रॉम्बोनवाले दुसऱ्याच्या माउथपीसला तोंड लावत नाहीत, हे काकूंना लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

"मास्तर नाहीत घरी?"

"लेकीकडे असतात हल्ली. तिकडची हवा मानवली त्यांना."

काकूंनी खुर्ची आतल्या दाराजवळ सरकवली. दार किंचित उघडं होतं. ते त्यांनी तसंच राहू दिलं.

मास्तर त्या दारापलीकडे पलंगावर होते. शहराच्या ऑर्केस्ट्रात उभा जन्म पहिला, म्हणजे मुख्य ट्रॉम्बोन वाजवलेला माणूस. झटका आला, वाचा गेली, डावी बाजू गेली. सुरुवातीला जुने शिष्य भेटायला आले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि हुंदके देत राहिले. शिष्यांना कधी चुकीचा सूर माफ न केलेला माणूस. त्याला आपली ही अवस्था कुणी बघायला नको होती. काकूंनी मग सगळ्यांना लेकीचं सांगून टाकलं.

पण घर मुकं झालं. मास्तर घास तोंडातच धरून ठेवू लागले. काकूंनी तबकड्या लावून पाहिल्या, ते डोळे मिटून पडून राहत. शेवटी त्यांनी ट्रॉम्बोनवाल्यांच्या मासिक वार्तापत्रात जाहिरात दिली. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने बाहेर वाजवायला सुरुवात केली आणि आत मास्तरांचा उजवा हात पांघरुणावर पुढे-मागे सरकू लागला. सुराबरोबर ट्रॉम्बोनची सरकती नळी जिथे जायला हवी, तिथेच हात थांबत होता. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

तेव्हापासून ट्रॉम्बोन विकायला होता आणि विकला जात नव्हता.

"छान ठेवलाय," माणूस म्हणाला. त्याने फुंकर मारली. पहिले सूर घोगरे निघाले, मग आवाज मोकळा झाला. त्याने एक संथ चाल धरली. काकू फडक्याने टेबल पुसत राहिल्या. टेबल स्वच्छच होतं.

चाल वर चढली आणि वरचा सूर फाटला.

आतून कुणीतरी खोकलं.

काकूंचा हात थांबला. "शेजारचे हो. भिंती म्हणजे नुसता कागद."

"आमच्याकडेही तसंच," माणूस म्हणाला. त्याने चाल पुन्हा पहिल्यापासून घेतली, आणि या वेळी वरचा सूर अलगद लागला. पुढे तो बराच वेळ वाजवत राहिला. विकत घेणारा एवढं वाजवत नाही, पण काकूंची काही हरकत नव्हती.

मग त्याने ट्रॉम्बोन मांडीवर घेतला.

"काकू, राग मानू नका. हा तुम्हाला विकायचाय ना नक्की?"

"म्हणजे काय? उगीच जाहिरात देते का मी?"

"नाही, आजवर आलेल्यांतल्या एकालाही पसंत केलं नाहीत म्हणे. वार्तापत्राचे चिटणीस म्हणत होते, जाहिरात काढून टाकावी."

काकू खुर्चीत बसल्या. जाहिरात गेली तर दार वाजणार नव्हतं, आणि दार वाजलं नाही तर आतला हात पुन्हा निपचित पडणार होता.

"काढू नका म्हणावं," त्या हळूच म्हणाल्या. "पोटच्या लेकीसारखा आहे हो तो. द्यायचाय, पण कुणाच्या घरी जातोय ते बघायला नको का? तुम्ही विचार करा. मीही करते."

"बरं. सांगतो त्यांना." तो उठला. "वार्तापत्र येतं ना वेळेवर?"

"येतं तर. अक्षर न् अक्षर वाचते मी. मोठ्याने." त्यांनी जीभ चावली. "म्हणजे, सवय आहे आपली. बातम्या किती चांगल्या असतात हल्ली. ऑर्केस्ट्रात दोन जागा वाढल्या, शाळेत नवा वर्ग निघाला. आमच्या ह्यांच्या वेळी कुठे होतं एवढं?"

"हो ना," माणूस बुटांची नाडी बांधत म्हणाला. "चांगले दिवस आलेत."

तो गेल्यावर काकू आत आल्या. मास्तरांचा हात अजून लांबवलेला होता, शेवटचा सूर धरल्यासारखा. काकूंनी तो अलगद पांघरुणात घेतला आणि पेज गरम करायला गेल्या.

खाली माणूस आपल्या गाडीत बसला. गाडीवर 'फ्रिज दुरुस्ती' असं रंगवलेलं होतं. चौकात सिग्नल लागला. डाव्या हाताला ऑर्केस्ट्राचं जुनं सभागृह होतं, ऑर्केस्ट्रा बंद पडल्यापासून फर्निचरचं दुकान झालेलं. काचेमागे सोफे मांडले होते, एका सोफ्यावर विक्रेता पेंगत होता. माणसाने चिटणिसांना फोन लावला.

"झालं वाजवून. जाहिरातीचं जरा जास्तच ताणलं मी. घाबरल्या बिचाऱ्या."

"गिऱ्हाईक वाटायला नको? मास्तर?"

"खोकले. माझा वरचा सूर फाटला, नेमके तेव्हाच."

"म्हणजे ऐकतायत," चिटणीस म्हणाले. "पुढच्या रविवारी आपला दातांचा डॉक्टर वाजवायला जाईल. मग मी, मग पुन्हा तू. आहोत किती आपण? आणि या महिन्यात बातमी काय देऊ सांग. जागा वाढल्या, हे दोनदा झालं."

"माझं नाव घाला. ऑर्केस्ट्रात पहिला ट्रॉम्बोन म्हणून नेमणूक. मास्तरांना बरं वाटेल."

चिटणिसांनी बातमी लिहिली, खाली नेहमीची जाहिरात जोडली, आणि वार्तापत्राची एकुलती एक प्रत छापून पाकिटात घातली.