अळणी

परीक्षा पास होऊन अनुजा रजिस्टर्ड डाएटिशियन झाली आणि पहिला डाएट चार्ट तिने बाबांचाच लिहिला. बाबांचं बीपी दोनशेवर, किडन्या अर्ध्या गेलेल्या. मीठ नावापुरतं, पापड-लोणचं बंद. खाली सही आणि नवाकोरा रजिस्ट्रेशन नंबर. डिलाईल रोडच्या खोलीत तो कागद तिने फ्रिजवर चिकटवला.

पहिल्या दिवशी अळणी आमटीचं ताट भिंतीवर गेलं. दुसऱ्या दिवशी आईच्या तोंडावर. आठव्या दिवशी "रोग्याचं जेवण वाढतेस मला?" म्हणत बाबांनी आईचे केस धरले आणि डोकं ओट्यावर आपटलं. भुवईला सात टाके पडले.

"तू लिहिलंस तेवढंच मीठ घातलं गो मी," आई म्हणाली. "चमच्याने मोजून."

अनुजाने चार्ट टराटरा फाडला आणि नवा लिहिला. रोज सुकट नाहीतर खारा बांगडा, दोन पापड, लोणचं, आमटीत हवं तेवढं मीठ.

आईने तो दोनदा वाचला. "एवढं चालेल त्यांना?"

"आवडेल."

अनुजाने कागद फ्रिजवर लावला. खाली सही केली नाही. नंबरही घातला नाही.