खर्जातल्या रेघा

बाबांनी कीबोर्डवर वाजवलेल्या चालीची मिडी फाइल लेक कम्प्युटरवर साफ करत होती. दाबलेली प्रत्येक पट्टी पडद्यावर रेघ होऊन उमटली होती. पण खाली, खर्जात, या रेघा कुणाच्या? जोर एवढा कमी, की ऐकूच येऊ नये. तिने वायर बदलली, पट्ट्यांवरची धूळ फुंकली, बाबांना पुन्हा वाजवायला लावलं. रेघा परत हजर! "यात भूत शिरलंय की काय?" पुसायला गेली आणि थबकली. रेघा तालात होत्या. प्रत्येक समेवर एक. "बाबा, वाजवताना तुमचा डावा हात कुठे असतो?" "असणार कुठे? लकवा मारल्यापासून नुसतं ओझं. मांडीवरून घसरतो, म्हणून पट्ट्यांवर टेकवतो." तिने उजव्या हाताचे सगळे सूर बंद केले, उरलेल्या रेघांचा जोर वाढवला. बाबा कान टवकारून ऐकू लागले. "ताल पक्का आहे गं. कोण वाजवतंय?"