जाहीरनाम्याची प्रुफं

त्या दुपारी बाबा खाटेवर बसून पक्षाच्या नव्या जाहीरनाम्याची प्रुफं तपासत होते. सगळं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवण्यात गेलेलं. पक्षाचा प्रत्येक जाहीरनामा त्यांच्या हाताखालून गेला होता.

"पहिल्यात आम्ही छापलं, कारखाना कामगारांचा. मग आला नफ्यात वाटा. मग नुसतीच मालकांशी चर्चा. आणि आता बघ, कामगारांविषयी आदर!" ते खो खो हसले. "पुढच्या खेपेला वाढदिवसाच्या शुभेच्छा देतील."

"काळ बदलला, बाबा. तुम्हीच तेवढे हटून बसलाय," लेक नेहमीसारखी म्हणाली.

"मग बसू दे की. पाठ धरली तर माझी धरेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

शोकसभेत पक्षाचे अध्यक्ष म्हणाले, "काळाबरोबर बदलणारा असा कार्यकर्ता विरळा. नवा जाहीरनामा त्यांनी मनापासून आपला मानला."

लेक जागेवरच उभी राहिली.

"खोटं आहे. बदला, बदला म्हणून मी वीस वर्षं त्यांच्या मागे लागले होते. ते बधले नाहीत. त्यांचंच बरोबर होतं, हे त्यांच्या तोंडावर मी कधी बोलले नाही. आता तुमच्या तोंडावर बोलते."