हिरव्या किनारीचं कापड

शेजारच्या विमलबाईंच्या मास्कची हिरवी किनार दिसली आणि अजमतबीची नजर तिथंच खिळली.

"लई गार हाय बघा भाबी, तुमच्या हारिसचा मास्क," विमलबाई दारातूनच सांगत होत्या. "तोंडावर काही हाय असं वाटतच न्हाई. आख्खी गल्ली घेऊन गेली."

खरं तर हेच कौतुक ऐकायला म्हातारी आसुसलेली. सिरसाळ्यात मे महिन्याचं ऊन, त्यात लॉकडाऊन. गॅरेज बंद पडलं म्हणून पोरगं मास्क शिवून विकायला लागलं. पण शिवले कशाचे, तर टेरिकॉटचे! लोकांचा जीव घुसमटायचा, गालांवर घामोळं उठायचं. शेवटी तिनंच त्याला समोर बसवून शिकवलं होतं, "टेरिकॉट घाम पीत न्हाई रे बाबा. सुती घे. मऊ, विरळ, पाण्यातून काढलेलं. दोन पदर घाल." लेकानं निमूट मान डोलावली होती. तिला केवढा अभिमान वाटला होता त्याचा!

विमलबाई गेल्या तशी ती पेटीकडे धावली. तिचा नवरा मैनुद्दीन हजहून येताना दोन कफनं घेऊन आला होता. एकाच ठाणातली, हिरव्या किनारीची, मक्केतल्या जमजम विहिरीच्या पवित्र पाण्यातून काढलेली. एक त्याच्या अंगावर गेलं. दुसरं तिचं. कबरी दूरदूर पडल्या तरी कापड एक असेल, एवढीच तिची आस होती. पेटीची किल्ली कुठं असते, हे तिनं एकट्या हारिसला सांगून ठेवलं होतं. वेळ आल्यावर काढायचं त्यालाच होतं ना!

पेटीत कापराच्या वड्या तेवढ्या होत्या.

हारिस दुपारी जेवायला आला. तिनं ताट वाढलं नाही.

"माझं कफन कुठाय?"

तो जरा चपापला, मग हसला. "अम्मी, तू सांगितलं तसलं सुती कुठंच मिळंना. दुकानं बंद. आन् तू आत्ताच कुठं चाललीस? वेळ येईल तवा नवं आणू, याच्याहून भारी."

पोटच्या पोरानं असं करावं? घरोघर जाऊन सगळे तुकडे परत आणावेत, असं तिच्या मनात आलं. पण आणून तरी काय? कफनाला टाका चालत नसतो. एकदा सुई लागली की ते नुसतं कापड.

हारिसनं खिशातून एक मास्क काढला. दोन्ही कडांना हिरवी किनार होती. "हा खास तुझ्यासाठी ठेवलाय, अम्मी."

अजमतबीनं हात पुढे केला नाही.

"तूच ठेव," ती म्हणाली. "माझ्या मयतीला येशील तवा तोंडाला बांध. आन् लांब उभा राहा."