नाजूक कोट

"साहेबांच्या कोटाचे दीडशे, तुमच्या कोटाचे अडीचशे," म्हणत ड्रायक्लीनिंगवाल्याने पावती फाडली.

काउंटरवर आम्हा दोघा नवराबायको वकिलांचे काळे कोट शेजारी शेजारी पडले होते. एकाच ताग्यातले, एकाच शिंप्याने शिवलेले. उलट पोट सुटल्यापासून नवऱ्याच्या कोटाला कापड जास्तच लागतं.

"माझे शंभर जास्त कशाबद्दल?"

"लेडीज आयटम नाजूक असतो, मॅडम."

"कालच हा कोट घालून मी एका फौजदाराला उलटतपासणीत घाम फोडलाय. नाजूक काय आहे यात?"

त्याने माझ्या कोटावर बोट ठेवलं. "बटणं डावीकडे, म्हणजे लेडीज. मशीन दोघांना एकच आहे हो, पण रेटकार्ड वेगळं."

कोट उचलून मी तडक आमच्या शिंप्याकडे गेले. "बटणं उजवीकडे लावून द्या. मला हा जेन्ट्स करून हवाय."

त्याने कोट उलटसुलट करून पाहिला, चष्मा नाकावर सरकवला. "होईल की, ताई. जेन्ट्स कोट असता तर शंभरात केलं असतं. पण अजून तरी हा लेडीजच आहे ना? दोनशे पडतील."